इंग्रजी लेखन : एक तक्रार आणि एक कबुली

(एम. ए. भाग दोन, समाजशास्त्र)

आपल्या वार्षिकाचे तीन विभाग असतात : मराठी, हिंदी आणि इंग्रजी. मराठी विभागाला पाने पुरत नाहीत. कवितांची तर दिवाळीआधीपासून रांग लागलेली असते. हिंदी विभागाचे शेरोशायरीवर भागते. इंग्रजी विभाग मात्र अगदी शेवटी, जाहिरातींच्या अलीकडे, चार-सहा पानांत उरकलेला असतो. त्या पानांत वेळेचे महत्त्व, आईची माया आणि थोरांची वचने यांपलीकडे फारसे काही नसते, आणि जे असते ते कोठून आले हे लिहिणाऱ्याला आणि संपादकांना दोघांनाही ठाऊक असते. यंदा संपादक-प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितले, "तू प्रकल्प इंग्रजीत लिहितो आहेस ना? मग इंग्रजी विभागासाठी एक लेख दे." मी तीन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. चौथ्या दिवशी हा मराठी लेख घेऊन गेलो. सर हसले आणि म्हणाले, "हेही चालेल."

चालेल, पण का चालवावे लागते, याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत भेटत असे. म्हणजे माझ्या पिढीला, तालुक्याच्या आणि खेड्यापाड्याच्या मुलांना, ही भाषा उशिरा मिळाली अशी सबब आता सांगता येणार नाही. पहिली ते बी. ए. अशी चांगली पंधरा वर्षे मी इंग्रजी 'शिकलो' आहे आणि एकदाही नापास झालेलो नाही. पण एम. ए.च्या पहिल्या वर्षी प्रकल्प लिहायला बसलो तेव्हा एक हिशेब केला. या पंधरा वर्षांत मी स्वतःच्या मनातला, स्वतः जुळवलेला, कोठूनही न उतरवलेला इंग्रजी परिच्छेद किती वेळा लिहिला? खूप आठवून पाहिले. एकदाही नाही. रिकाम्या जागा भरल्या, कर्तरीचे कर्मणी केले, ताप आल्याचे अर्ज मुख्याध्यापकांना लिहिले, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे उताऱ्यातूनच उचलून खाली मांडली. निबंध होते, पण ते गाईडात होते. ते पाठ करायचे आणि विषय आला की ओतायचे. विषय आला नाही तर जवळच्या विषयावर ओतायचे. वर्गातल्या एका मित्राने 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध 'माझी अविस्मरणीय सहल' या नावाखाली ओतला होता आणि त्याला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले होते.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पंधरा वर्षे ज्या कृतीला गुण मिळाले, त्याच कृतीला सोळाव्या वर्षी वाङ्मयचौर्य म्हणतात, हे आम्हाला कोणी वेळेवर सांगितले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही, त्यापुढे चढत्या श्रेणीने कारवाई. नियम योग्यच आहे. पण ज्याने आजवर फक्त दुसऱ्याचे वाक्य नीट उतरवण्याचेच शिक्षण घेतले, त्याला हा नियम प्रथम वाचताना काय वाटत असेल याचा विचार करावा. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. येथे तर बुडणाऱ्याकडून दंडही घ्यायचा आहे.

आता माझ्या प्रकल्पाकडे येतो. विषय होता आमच्या गावचा आठवडी बाजार. हा विषय मी निवडला त्याला कारण होते. माझी आई गेली वीस वर्षे त्या बाजारात भाजी विकते. बाजारात कोण कोठे बसतो, मधल्या सिमेंटच्या ओट्यांवर कोणाची वहिवाट आहे, कडेच्या चिखलाच्या ओळीत कोणाच्या बायका बसतात, जागेची पावती फाडणारा माणूस कोणाशी कसा बोलतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. प्रकल्प मराठीत लिहिण्याची मुभा होती. पण मार्गदर्शक सर म्हणाले, "इंग्रजीत लिही. पुढे संशोधनाला जायचे म्हणतोस, मग आज ना उद्या लिहावेच लागेल." सरांचे म्हणणे मला पटले, आजही पटते.

पहिला मसुदा मी नेऊन दिला. त्याची सुरुवात अशी होती, की बाजार हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग असून प्राचीन काळापासून त्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. अर्थात हे इंग्रजीत. पुढची चार पाने एका पाठ्यपुस्तकातून थोडे शब्द फिरवून घेतलेली होती. सरांनी त्यावर "भाषा बरी आहे, पण ही तुझी नाही" एवढेच लिहिले. मग मी चिडून दुसरा मसुदा सगळा स्वतःचा लिहिला. तो परत आला तेव्हा पाने लाल झाली होती. पहिल्याच पानावर बत्तीस खुणा मोजल्या. म्हणजे उसने आणले तर चोर, घरचे आणले तर अडाणी. त्या रात्री मी प्रकल्प मराठीत लिहायचे ठरवले होते. का लिहिला नाही ते पुढे येईलच.

त्या बत्तीस खुणांचे मात्र मी पुढे महिनाभर काय केले ते सांगण्यासारखे आहे. त्या मी वहीत वेगळ्या काढल्या आणि लावून पाहिल्या. तेव्हा लक्षात आले, की चुका बत्तीस नव्हत्याच. चुका चार-पाच होत्या. त्याच पुनःपुन्हा झाल्या होत्या. आणि त्यांतली प्रत्येक चूक सरळ माझ्या मराठीतून आली होती. इंग्रजी येत नाही म्हणून मी चुकत नव्हतो, मराठी फार चांगली येते म्हणून चुकत होतो.

उदाहरणार्थ, हे वाक्य घ्या : आई पहाटे उठून, भाजी खुडून, पेंड्या बांधून, पाटी डोक्यावर घेऊन, दोन मैल चालत जाऊन, उजाडायच्या आत पोते अंथरून जागा धरते. या वाक्यात कोणाही मराठी माणसाला काही वावगे दिसणार नाही. कामे सहा, क्रियापद एक, आणि बाकी सगळा भार 'ऊन' या प्रत्ययावर. आपली भाषा अशी माळ ओवते. वाक्य संपेपर्यंत दोरा तुटत नाही. हेच मी इंग्रजीत ओवायला गेलो. 'गेटिंग अप', 'प्लकिंग', 'टाइंग', 'टेकिंग', 'वॉकिंग' अशी सगळी मंडळी ओळीने उभी केली आणि शेवटी क्रियापदाला पोचेपर्यंत आई कोठे गेली तेच कळेना. सरांनी कडेला उभी रेघ मारून लिहिले होते, 'वाक्य तोड'. पण कोठे तोडायचे? का तोडायचे? इंग्रजीला एका वाक्यात कर्ता आणि क्रियापद लवकर, जवळजवळ लागतात. आपण क्रियापद शेवटी ठेवतो आणि ऐकणारा धीर धरतो. एवढे एक वाक्य मला पाचवीत कोणी सांगितले असते, तर कितीतरी शाई वाचली असती.

दुसरा मोठा घोटाळा 'द'चा. आमच्या वर्गात 'द' हे मिठासारखे वापरतात, चवीपुरते. काही जण प्रत्येक नामाला लावतात, काही जण कोठेच लावत नाहीत, आणि गाईडात सूर्य, चंद्र, नद्या, पर्वत यांची यादी असते ती पाठ करून परीक्षा पार पडते. पण माझ्या प्रकल्पात सूर्यही नव्हता आणि चंद्रही नव्हता. त्यात बाई होती, पाटी होती, पावती होती. वस्तुतः हा फरक आपल्याला कळत नाही असे मुळीच नाही. "एक बाई आली आणि ओट्यापाशी बसली. मग बाई म्हणाली" असे आपण बोलतो तेव्हा पहिली बाई अनोळखी असते आणि दुसऱ्या वेळी ती ओळखीची झालेली असते. आपण ते 'एक'ने, 'ती'ने, कधी नुसत्या संदर्भाने सांगतो. इंग्रजी दर वेळी तोंडाने बोलून दाखवते. कोणती बाई हे वाचणाऱ्याला कळले आहे का, एवढाच प्रश्न दर नामापाशी विचारायचा. ही गोष्ट मला इंग्रजीच्या एका तासिकेवरच्या मॅडमनी चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत समजावली. याने सगळे 'द' सुधारले नाहीत, पण निम्म्याहून अधिक सुधारले.

'तो म्हणाला की मी येतो' हे आणखी एक. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे 'की'च्या पुढे ठेवले तरी चालतात. मी तसेच इंग्रजीत ठेवले. "पावतीवाल्याने सांगितले की मी तुम्हाला उठवीन" याचे इंग्रजी असे झाले, की बायकांना उठवणारा मीच ठरलो. सरांनी तेथे प्रश्नचिन्ह काढून 'कोण? तू?' असे लिहिले होते. तो प्रकल्पातला एकमेव विनोद.

हे सर्व मी इतके लांबवून सांगतो आहे, कारण आमच्याकडे इंग्रजीच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टीच वेगळी आहे. चूक झाली की मूल 'कच्चे' ठरते. चूक कोठून आली याचा शोध कोणी घेत नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आमच्या आजोबांच्या पिढीने वापरली. तिच्यातली वाक्ये आज जुनाट वाटतात, तिची थट्टाही पुष्कळ झाली आहे. पण तिच्यामागची एक गोष्ट मला आज फार शहाणपणाची वाटते : शिकणाऱ्याला मराठी येते, हे तिने गृहीत धरले होते. मराठी ही लपवण्याची गोष्ट नव्हती, तीच पायरी होती. पुढे 'इंग्रजी इंग्रजीतूनच' असा आग्रह आला. तो ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांना मानवला. आम्ही मात्र वर्गात गप्प बसायला शिकलो.

येथवरची तक्रार वाचून काही वाचकांना बरे वाटले असेल. मलाही वाटत होते. आता कबुलीकडे वळतो.

दुसरा मसुदा लाल होऊन परत आल्यावर मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, मला विषय माहीत आहे. फक्त इंग्रजी आडवे येते. मी मराठीत लिहितो." सरांनी पाने बाजूला ठेवली. म्हणाले, "ठीक आहे. मग मराठीत सांग. या बाजाराविषयी तुला नेमके काय म्हणायचे आहे? एका वाक्यात."

मी बोलू लागलो. आईची जागा, ओटे, चिखल, पावती, मुंबईला जाणारी वांगी, असे पाच-सात मिनिटे बोललो. सर शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "हे सगळे चांगले आहे. पण तुझे म्हणणे काय?" मला उत्तर देता आले नाही. मराठीतही देता आले नाही. माझ्याजवळ माहितीचा ढीग होता, पण तिला वाटे नव्हते.

म्हणून मी मराठीत लिहिला नाही. मराठीत लिहिला असता तर तो शुद्ध मराठीत तितकाच विस्कळीत झाला असता, आणि तेथे कोणी लाल शाईही वापरली नसती.

मला वाटते, आमच्या खऱ्या दुखण्याचे नाव येथे सापडते. आम्हाला मराठी निबंध तरी कोठे शिकवला? सुभाषिताने सुरुवात करायची, मध्ये भावना उचंबळून आणायच्या, शेतकऱ्याला देशाचा कणा म्हणायचे, नदीला आई म्हणायचे, आणि शेवटी 'म्हणूनच म्हटले आहे' असे म्हणून दुसरे सुभाषित टाकायचे. त्यात एक विधान करून त्याला पुरावा देणे नाही, पुरावा अपुरा असेल तर तसे कबूल करणे नाही, विरुद्ध बाजू मांडून तिला उत्तर देणे तर नाहीच नाही. ही तयारी नसताना एम. ए.ला इंग्रजीत शोधनिबंध लिहायला सांगणे म्हणजे घोडा नाही आणि खोगिराचे माप घेणे आहे.

याच सुमारास सरांनी मला रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा १९६६ सालचा एक लेख दाखवला. निरनिराळ्या भाषांचे लोक परिच्छेद कसा रचतात याच्या त्यात आकृत्या आहेत. इंग्रजीचा विचार सरळ रेषेत खाली उतरतो. ज्यांना तो पौर्वात्य म्हणतो त्यांचा विचार चक्राकार फिरत आत जातो. लेख खूप गाजला, त्यावर टीकाही खूप झाली आणि पुढे कॅप्लनने स्वतःही आपला सूर बराच खाली आणला. पण ते चित्र पाहून प्रथम माझी खात्रीच पटली, की हेच ते. आपण गोल गोल फिरणारे लोक, आपल्या हाडातच ते आहे.

मग आमच्या गावच्या सप्ताहातले नारदीय कीर्तन आठवले. कीर्तनकार बुवा उभे राहतात ते आधी अभंग सांगतात. आज कशावर बोलायचे ते पहिल्या पाच मिनिटांत सर्वांना कळलेले असते. मग पूर्वरंगात त्या अभंगाचे निरूपण, शंका उपस्थित करून तिचे निरसन. उत्तररंगात तेच तत्त्व दाखवणारे एक आख्यान. आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ अभंगावर येऊन थांबतात. यात विधान आहे, विवरण आहे, उदाहरण आहे, समारोप आहे. मध्ये बुवा भरकटले तर मागे बसलेले म्हातारे खाकरतात. शास्त्री मंडळींच्या वादातही पूर्वपक्ष आधी पूर्ण मांडल्याशिवाय सिद्धान्ताला हात लावता येत नसे. टिळकांचे 'गीतारहस्य' (१९१५) उघडून पाहावे. दुसऱ्याचे मत त्यांनी किती नेकीने मांडून मग खोडले आहे. आणि ग्रामसभेत कोणी पाल्हाळ लावले तर 'मुद्द्याचे बोला' असा आवाज येतोच. तेव्हा सरळ मांडणी ही इंग्रजांची मिरास नाही. ती आपल्याकडे होती, आहे. फक्त शाळेच्या आणि गाईडाच्या वाटेवर ती गळून पडली.

यावर कोणी म्हणेल, की मग इंग्रजीचा हट्ट सोडा, मराठीतच उत्तम लिहा. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे, अभिमान बाळगा. मला हा सल्ला देणारे मित्र पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी एम. ए.च्या यादीतली इंग्रजी पुस्तके उघडलेली नाहीत. माझे याला उत्तर असे, की ज्यांनी मराठीत वजनदार लिहिले त्यांतले किती तरी जण दोन्ही हातांनी लिहीत होते. न्या. रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ १९०० साली इंग्रजीत लिहिला. 'गीतारहस्य' लिहिणाऱ्या टिळकांनी त्याआधी 'ओरायन' (१८९३) इंग्रजीत लिहिले होते. इरावती कर्व्यांनी भारतातील नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत दिला आणि १९६७ साली 'युगान्त' मराठीत.

या नामावळीत मला सर्वांत जवळचे वाटतात ते डॉ. आंबेडकर. १९१६ सालच्या मे महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. मी तो निबंध दोनदा वाचला. पहिल्यांदा विषयासाठी आणि दुसऱ्यांदा केवळ लिहिण्याची रीत पाहण्यासाठी. आधी ते आपल्यापूर्वीच्या विद्वानांच्या व्याख्या एकेक करून घेतात, कोणती कोठे अपुरी पडते ते दाखवतात, मग स्वतःची गोष्ट मांडतात, आणि शेवटी आपले मत चुकीचे ठरले तर ते सोडण्याची तयारीही दाखवतात. भाषा भारी आहे, पण भारी शब्दांमुळे तो निबंध उभा राहिलेला नाही. तो उभा आहे तो क्रमाने टाकलेल्या पावलांवर. पुढे चार वर्षांनी, १९२० साली, याच माणसाने मराठीत 'मूकनायक' काढले. जगाला सांगायचे ते जगाच्या भाषेत आणि आपल्या माणसांना सांगायचे ते आपल्या. मला यात कोठे भांडण दिसत नाही.

आणि एक साधी व्यवहाराची बाजूही आहे. आमच्या बाजारासारख्या बाजारांवर जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे इंग्रजीत आहे, आणि ते लिहिणारे पाहणी आटोपून परत गेलेले आहेत. त्यांनी ओट्यांची लांबी बरोबर लिहिली असेल. पण ते कोठे चुकले आहेत हे सांगायचे तर त्यांना वाचता येईल अशा भाषेतच सांगावे लागेल.

हल्ली यंत्राचाही एक मार्ग निघाला आहे. मोबाईलमध्ये मराठी मजकूर टाकला की पलीकडून गुळगुळीत इंग्रजी बाहेर येते. मीही करून पाहिले, नाही कशाला म्हणू? आईच्या पहाटेचा परिच्छेद टाकला. व्याकरणाची एकही चूक नाही, 'द' जेथल्या तेथे. पण त्यात बाजार एकदम 'चैतन्यमय' झाला होता, रंगांची उधळण झाली होती आणि आई कष्टकरी स्त्रीशक्तीचे प्रतीक झाली होती. चिखल नाहीसा झाला होता. म्हटले, हे तर आमचेच गाईड, फक्त खिशात मावणारे! शब्द अडला, वाक्य बरोबर आहे की नाही याची शंका आली, तर विचारायला ते चांगले आहे. पण 'तुझे म्हणणे काय' या सरांच्या प्रश्नाला त्याने माझ्या वतीने उत्तर द्यावे हे मला मान्य नाही. त्याने दिलेले उत्तर माझ्या नावावर छापले गेले तर पहिल्या मसुद्यापेक्षा मी कोठे पुढे आलो?

महाविद्यालयाकडे माझे मागणे फार मोठे नाही. प्रथम वर्षाच्या आवश्यक इंग्रजीच्या तासाला आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एक परिच्छेद लिहावा. आधी मराठीत, मग तोच इंग्रजीत. विषय गावचाच असावा : एसटीचा थांबा, रेशनची रांग, उसाची टोळी, काहीही. त्यात एक विधान असावे आणि त्याला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असावा. मला ठाऊक आहे, लगेच प्रश्न येईल की तपासायचे कोणी? एका तुकडीत शंभरावर मुले. ज्या मॅडमनी मला 'द' शिकवला त्या तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतात आणि मधला वेळ एसटीत काढतात. त्यांच्या डोक्यावर आणखी शंभर परिच्छेद ठेवायचे पाप मी करणार नाही. पण मुलांनी एकमेकांचे वाचावेत की! व्याकरण नको तपासायला. शेजाऱ्याने फक्त एवढे लिहावे, की याला काय म्हणायचे आहे ते मला कळले किंवा कळले नाही. आणि शिक्षकांनी महिन्यातून एकदा पाच-दहा परिच्छेद घेऊन त्यातली एकच चूक सर्वांपुढे सोडवावी. एका वेळी एकच. बत्तीस खुणांनी माणूस शिकत नाही, घाबरतो.

आम्हा विद्यार्थ्यांविषयीही एक सांगितले पाहिजे. इंग्रजी माध्यमातून आलेली एक मैत्रीण आमच्या वर्गात आहे. आम्ही तिला दबकून असायचो. तिचा प्रकल्प एकदा वाचायला मिळाला. इंग्रजी वाहते, अडखळत नाही. पण चार पाने झाली तरी तिला काय सिद्ध करायचे आहे ते समजेना. मी हे तिला भीत भीत सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "मला हे कुणीच सांगत नाही रे. सगळे म्हणतात, इंग्लिश छान आहे." त्या दिवसापासून आम्ही एकमेकांची पाने वाचतो. ती माझे 'द' पाहते, मी तिचा मुद्दा शोधतो. या व्यवहारात अजून तरी कोणाची बाकी राहिलेली नाही.

माझे ते एक वाक्य पुढे कसेबसे सापडले. बाजारात भाजी काय भावाने विकायची हे जितके मालावर ठरते तितकेच ते कोणाला कोठे बसायला मिळते यावर ठरते. त्यासाठी मी तीन रविवार कडेच्या ओळीत बसलो, दर तासाला मेथीचा भाव दोन्हीकडे लिहिला. ओट्यावरचा भाव दुपारपर्यंत टिकतो, कडेचा आधी घसरतो, कारण गिऱ्हाईक आत फिरून पिशवी भरून बाहेर पडताना कडेला पोचते. पूर्वी मी लिहिले असते, की या भगिनींचे भयंकर शोषण होते. आता लिहिले, की मी पाहिलेल्या तीन बाजारांत तरी असे दिसते. 'असे दिसते' या दोन शब्दांचे इंग्रजी शिकायला मला एक वर्ष लागले.

तिसरा मसुदा दिवाळीच्या सुट्टीत पुरा केला. घरी आईने विचारले, "माझ्याविषयी काय लिहिलेस ते वाचून दाखव." मी इंग्रजी पुढे ठेवून तिला मराठीत सांगत गेलो. शेवटच्या परिच्छेदात होते, की बाजार उठताना कडेच्या बायका निम्म्या भावाने माल देऊन टाकतात आणि तोटा सोसतात. आईने हात वर केला. "तोटा कसला? परत न्यायचे दोन मैलांचे ओझे वाचते ते लिहिलेस का? आणि शेवटची पेंडी मी विकत नाही, शेजारणीच्या मिरच्यांवर बदलते. त्याचा भाव कुठे धरलास?"

धरला नव्हता. मैत्रिणीला विचारले, सरांना विचारले, पण त्या अदलाबदलीला कडेच्या ओळीत जो शब्द आहे त्याला नेमका इंग्रजी शब्द अजून मिळालेला नाही. प्रकल्प द्यायला तीन आठवडे उरले आहेत आणि तो परिच्छेद मी पुन्हा लिहायला घेतला आहे.